बार्शीच्या लेकींचे ऋण
(सोलापूर येथील कार्यकर्ता-शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



लसीकरणाच्या लोकजागृतीचा विषय निघाला की पत्रके, भिंतीवरच्या घोषणा आणि ध्वनिक्षेपक डोळ्यांपुढे येतात. लोक अज्ञानी आहेत आणि आपण त्यांना शहाणे करावयाचे आहे, हे त्यामागचे गृहीत. आपल्याच जिल्ह्यातील एका उदाहरणावर हे गृहीत आज तपासून पाहू.

1987 साली बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगाव फिरून रुग्णांची नोंद घेतली जाऊ लागली. तीतून दिसले ते असे की, इथल्या स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा आहे. बायकांच्या बोलीत तो पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. पांढरे जाणे, अवेळी डाग दिसणे या तक्रारी त्या महिनोन् महिने अंगावर काढीत आणि रोग हाताबाहेर गेल्यावर दवाखान्यात येत. हे निव्वळ अज्ञान नव्हते. एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून जायचे कोठे आणि सांगायचे कोणाला, हा प्रश्न होता. नोंदणीचे लोक गावात येऊन बोलू लागले, जवळच इलाज मिळतो असे दिसले, तेव्हा काही वर्षांतच स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या. दारापर्यंत आलेला माणूस आणि त्याच्या शब्दामागे उभा असलेला दवाखाना, या दोहोंनी मिळून हे घडले. एकट्या पत्रकाने ते घडले नसते.

हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याच्या 16 आणि 18 या दोन प्रकारांकडे जवळजवळ सत्तर टक्के रुग्णांचे कारण जाते. आपल्या देशात दर वर्षी पाऊण लाखाहून अधिक स्त्रिया या रोगाने मरतात. आणि तरीही, ज्याला लसीने अटकाव करता येतो असा हा कर्करोग आहे. मुलगी साधारण नऊ ते चौदा वर्षांची असताना, विषाणूशी संबंध येण्यापूर्वी, ही लस टोचावी लागते.

या लसीच्या इतिहासात बार्शीचे नाव आहे. 2009 साली देशातील काही केंद्रांत दहा ते अठरा वर्षांच्या मुलींवर एक अभ्यास सुरू झाला; बार्शी हे त्यांतले एक केंद्र. दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, एवढाच प्रश्न होता. त्याच सुमारास आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे एका वेगळ्या प्रकल्पावरून वादळ उठले. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही. पण आदिवासी वसतिगृहांतील मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघडकीस आले, आणि 2013 साली संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. दरम्यान 2010 साली सरकारने अशा अभ्यासांतील लस टोचण्याचे काम थांबविले होते. परिणामी या अभ्यासातील सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे दहा वर्षे त्यांची पाहणी झाली, आणि 2021 साली निष्कर्ष आला की या दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे पंचाण्णव टक्के संरक्षण मिळते. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा पुरेशी मानली, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा वाटा आहे. एक मात्रा म्हणजे खर्च कमी, फेऱ्या कमी. गरीब देशांच्या हाती ही लस येण्याची वाट त्यामुळे रुंद झाली.

या ऋणाची एक दुसरी बाजूही आहे. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांवर तपासणीचा मोठा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच चाचणी केली तरी या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हे त्याने 2009 साली दाखविले. पण तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, आणि त्यावर पुढे तीव्र टीका झाली. ज्ञान मिळाले खरे. पण ते कोणाच्या देहाच्या मोलाने मिळाले, हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, लसीचा पुरस्कार आणि संमतीचा आग्रह या एकाच लढ्याच्या दोन बाजू आहेत. खम्मममध्ये जे झाले त्यावरून काही मित्र लसीलाच विरोध करतात. हा न्याय उफराटा आहे. श्रीमंताची मुलगी खाजगी दवाखान्यात पैसे मोजून लस घेईलच. विरोधाची किंमत मोजावी लागेल ती विडी वळणाऱ्या आणि ऊस तोडणाऱ्या बाईच्या मुलीला.

आता कार्यकर्त्यांचे काम. पहिले, ही लस सरकारी केंद्रावर विनामूल्य मिळावी, हा आग्रह धरा. आणि जेथे ती येईल तेथे शाळा सोडलेल्या व कारखान्याच्या टोळीबरोबर फिरणाऱ्या मुलींची यादी आशाताईंबरोबर बसून करा. शाळेच्या पटावर त्यांचे नाव सापडणार नाही. दुसरे, संमतीचा कागद आईच्या भाषेत असू द्या. सोलापुरात ती भाषा मराठी असेल, तेलुगू, कन्नड किंवा उर्दूही असेल. तिसरे, विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे लपवू नका. मुलीच्या चारित्र्याची कुजबूज होईल. तेव्हा सांगा की विषाणू पुरुषाकडूनही येतो, आणि लग्नानंतर निष्ठेने राहिलेल्या बाईलाही हा रोग होतो. चौथे, लस मुलीला मिळाली म्हणून तिच्या आईला विसरू नका. तिशी ओलांडलेल्या स्त्रीला तपासणीच हवी, आणि तपासणीत दोष निघाल्यास उपचार कोठे, हे आधी ठरलेले हवे. आणि टोचल्यावर कोणाला त्रास झालाच, तर त्या घरी सर्वांत आधी आपण पोचले पाहिजे.

ज्या मुलींनी जगाला हे ज्ञान दिले, त्या आज पंचविशी-तिशीच्या घरात आहेत. अनेकींच्या पदरी मुली असतील. त्या मुलींना ही लस त्यांच्या गावात, विनामूल्य आणि सन्मानाने मिळावी, एवढे या जिल्ह्याचे मागणे रास्त आहे.