पेट्रोलच्या वाफेची बारीक गळती

पेट्रोलची गाडी नुसती उभी असली तरी टाकीत वाफ होतच असते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, धरून ठेवतात. मग पर्ज व्हॉल्व्ह उघडला की ती इंजिनात जाऊन जळते.

अमेरिकेत १९९६ पासून टप्प्याटप्प्याने नियम आला, की या वाफेची गळती गाडीच्या संगणकानेच पकडावी. आधी १ मिलिमीटरचं भोक, पुढे अर्ध्या मिलिमीटरचं! अशी बारीक गळती सापडली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, स्कॅनरवर ‘पी ०४५६’ असा कोड दिसतो. पण भोक नेमकं कुठे, हे कोड सांगत नाही. म्हणून कोड पाहून लगेच सुटे भाग बदलणं मला चुकीचंच वाटतं. आधी टाकीच्या झाकणाचं रबर पाहा, चिरलंय का? मग पर्ज व्हॉल्व्ह: बंद असताना त्यातून हवा जाता कामा नये. तरीही सापडलं नाही, तर धुराची चाचणी. अगदी कमी दाबाने नळ्यांत धूर सोडायचा आणि टॉर्चच्या उजेडात त्याची रेघ शोधायची. हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावं.

आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतही हा कोळशाचा डबा असतो. पंपावर नोझल आपोआप बंद झालं, की आणखी पेट्रोल भरायचा आग्रह धरू नका. डब्यात पेट्रोल शिरलं, तर कोळसा निकामी होतो.