रंगमंचामागील तंत्रज्ञ आणि त्याचे शिक्षण

(शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर नांदेड येथे केलेले भाषण)



नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना जत्रांची व लोककलांची मोठी परंपरा लाभलेली आहे. लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. तेथे तमाशाचे फड उतरतात आणि जिल्हा परिषदेच्या वतीने लावणी महोत्सव होतो. लातूरला महाशिवरात्रीस सिद्धेश्वराची यात्रा असते. शिवाय नाट्यस्पर्धा, युवक महोत्सव, गणेशोत्सव, जयंत्या आणि लग्नकार्ये वर्षभर चालूच असतात. या सर्व प्रसंगी आपण कलावंताचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या कौशल्यामुळे कलावंत दिसतो व ऐकू येतो, त्या लाइटवाल्याची व साउंडवाल्याची दखल क्वचितच घेतली जाते. आज त्याच्या शिक्षणाविषयी बोलावयाचे आहे.

हा व्यवसाय आपल्याकडे बहुधा मंडप-डेकोरेशनवाल्याच्या गाडीवर शिकला जातो. शाळा सुटलेला मुलगा आधी खोकी उचलतो, मग वायरी ओढतो आणि पाहून पाहून एक दिवस फलकापाशी बसतो. अनुभवाचे मोल कमी नाही. तथापि, वीज ही चुका करीत शिकण्याची वस्तू नव्हे. तेथे पहिलीच चूक अखेरची ठरू शकते.

एक साधे गणित पाहा. एक हजार वॅटचे १२ दिवे २३० व्होल्टच्या एकाच फेजवर लावले, तर त्या वायरीतून सुमारे ५२ अँपिअर प्रवाह वाहतो. वायर बारीक असेल तर ती तापते, आणि वर कापडी मंडप असतो. तेच दिवे तीन फेजवर सारखे वाटले, तर प्रत्येक फेजवर सुमारे १७ अँपिअर येतात. रंगमंचाचा सांगाडा लोखंडी, जमीन ओली आणि वायर कोठेतरी सोललेली, असा योग जुळला की अपघात दूर नसतो. जनित्र व सांगाडा यांचे अर्थिंग नीट करणे आणि ३० मिलिअँपिअर प्रवाह गळताच पुरवठा तोडणारे उपकरण बसविणे, ही दोन कामे प्राण वाचवू शकतात. त्यांचे कारण ज्याला समजले आहे, तो घाईच्या वेळीही ती टाळणार नाही.

ध्वनीचेही असेच आहे. मोकळ्या मैदानात कर्ण्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. कर्ण्यापासून ५ मीटरवरील श्रोत्याच्या तुलनेत ४० मीटरवरील श्रोत्याला तो १८ डेसिबलने कमी मिळतो. यावर अप्रशिक्षित माणसाचा उपाय म्हणजे आवाज वाढविणे. त्याने मागच्यांना शब्द कळत नाहीत आणि पुढे बसलेल्या मुलांच्या कानांना मात्र इजा पोहोचते. प्रशिक्षित तंत्रज्ञ मैदानाच्या मध्यावर दुसरे कर्णे उभारतो आणि त्यांचा ध्वनी अंतराच्या हिशेबाने उशिरा सोडतो; ३४ मीटरला सुमारे एक दशांश सेकंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचविली. आपल्या देशातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास सर्वसाधारणपणे मनाई आहे. हे नियम यंत्रापाशी बसणाऱ्यास ठाऊक असले, तर पोलिसांचे निम्मे काम हलके होईल.

हे काम केवळ तारा जोडण्याचे आहे, असेही नव्हे. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या मिनर्व्हा रंगभूमीवर उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात तापस सेन यांनी केवळ प्रकाशाच्या साहाय्याने कोळशाची खाण पाण्याने भरताना दाखविली. तंत्रज्ञ हाही कलावंत असतो, याचा तो पुरावा होय. लावणीत ढोलकी व घुंगरांच्या गर्दीत गायिकेचा शब्द हरवू न देणे, हीदेखील तशीच कला आहे.

या शिक्षणाची सामग्री आपल्या जवळच आहे. नांदेड व लातूर येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री घडतात; दोन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतने आहेत. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रयोगजीवी कलांचे शिक्षण मिळते. वीजतंत्री फेज जाणतो. परंतु प्रवेश बदलताना दिवा किती सावकाश मंदावा, हे त्यास कोणी सांगत नाही. नाट्यविद्यार्थ्याला ते उमगते. परंतु वायरीची जाडी ठरविणे त्याच्या अभ्यासात मागे पडते. या दोघांना एका रंगमंचावर आणावयास हवे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचा प्रारंभ झाला. प्रत्येक केंद्रात किमान दोन व्यवसायांचे शिक्षण अपेक्षित आहे. आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या केंद्रासाठी ध्वनी व प्रकाशयोजना हा व्यवसाय सुचविता येईल, आणि यात्रेचे मैदान हीच त्याची कार्यशाळा होऊ शकेल.

शिक्षकांना विनंती अशी की, विज्ञानात गती आणि नाटकात रस असलेल्या मुलामुलींना हा मार्ग दाखवावा. हंगाम संपला म्हणजे हाताला काम उरत नाही, ही या व्यवसायातील खरी अडचण होय; परंतु वीजतंत्रीचे प्रमाणपत्र हाती असलेल्यास सभागृहांची देखभाल, कारखाने व घरगुती वीजकाम यांतही रोजगार मिळू शकतो.

पंचायत सदस्यांकडे माझे मागणे लहान आहे. यात्रेच्या मंडपाचा व ध्वनिक्षेपकाचा ठेका देताना परवानाधारक वीजतंत्री, अर्थिंग आणि गळती-रोधक उपकरण या तीन अटी लेखी घालाव्यात, आणि कार्यक्रमापूर्वी त्या पाळल्या गेल्या की नाही हे स्वतः पाहावे. जेथे शिकलेल्या माणसाला मागणी निर्माण होते, तेथे शिकण्याची इच्छाही निर्माण होते. येत्या यात्रेपासूनच हा आरंभ करता येईल.