वरचा आकडा, खालचा आकडा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



बँकेत आम्ही जमा आणि नावे, दोन्ही बाजू पाहायचो. ब्लडप्रेशरचंही तसंच आहे. "वरचा १६०, पण खालचा ७०, म्हणजे ठीक," असं म्हणून काहीजण गोळी सोडतात. ते ठीक नाही.

हृदयाजवळच्या मोठ्या धमन्या तरुणपणी लवचिक असतात. ठोक्याबरोबर फुगतात, मग आवळून रक्त पुढे ढकलतात. वयाने आणि वाढलेल्या प्रेशरने त्या ताठ होतात. इंदापूरच्या शेतात वर्षानुवर्षं उन्हात पडलेली ठिबकची नळी होते तशा. मग वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. उतारवयात दोन्हींतलं अंतर ६० च्या वर गेलं, तर ती ताठरपणाची खूण समजतात. त्याचा भार हृदय, मेंदू, किडनीवर येतो.

रक्ताचा दाटपणाही बघा. गुऱ्हाळातली काकवी पाण्यासारखी पळत नाही. ढकलायला जोर लागतो. बिडी-सिगारेटने आणि बारामतीच्या उन्हाळ्यात पाणी कमी प्यायल्याने रक्त दाटतं.

म्हणून दोन्ही आकडे वहीत लिहा. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, रोज चाला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.