काळी खपली शोधा

पावसाळा सरता सरता निंदणीहून आलेली एखादी ताई उपकेंद्रात येते. पाच-सहा दिवसांचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी. मलेरिया नाही, डेंग्यूही नाही. मग ताप कशाचा?

तो स्क्रब टायफसचा असू शकतो. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवरच्या सैनिकांना याने बेजार केले होते. पुढे तो विसरला गेला. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याने पुन्हा डोके वर काढले.

झुडपांत, उंच गवतात राहणाऱ्या चिगर माइटची इवलीशी अळी चावते आणि जंतू शरीरात शिरतात. चावल्याच्या जागी बऱ्याचदा विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, खाजत नाही. म्हणून रुग्ण सांगत नाही. काख, जांघ, कमरपट्टा, स्तनांखालची जागा तपासल्याशिवाय ती सापडत नाही. खपली नसली, तरी हा आजार नाही असे समजू नये.

पेनिसिलीन गटातली औषधे इथे चालत नाहीत. डॉक्सिसायक्लीन वेळेवर मिळाले, तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला, तर फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदूवर बेतते.

म्हणून आशाताई, परिचारिका आणि डॉक्टरांना कळकळीची विनंती: तापाच्या रुग्णाला विचारा, 'शेतात, गवतात गेला होतात का?' आणि आडोसा करून, आपुलकीने अंग तपासा.