झोपेचा हिशेब कोणी ठेवायचा?

(पांढरकवडा येथे महिला मंडळांच्या आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून एक ताई हसून म्हणाल्या, "विमानाचं आपल्याला काय? इथं एस.टी. वेळेवर आली तरी पुष्कळ झालं." त्यांचं बरोबर आहे. तरीही मी वैमानिकांच्या थकव्याबद्दल बोलणार आहे. माणसाने किती तास काम करायचं आणि किती तास झोपायचं, याचा हिशेब नियमात लिहिलेला असतो अशी कामं फार थोडी. विमान चालवणं हे त्यातलं एक. तो हिशेब लिहून घ्यायला काय काय करावं लागलं, ते आपल्या कामाचं आहे.

आधी माझी एक चूक सांगते. एका मुलीला नवऱ्याने रात्री मारून घराबाहेर काढलं. एक रात्र मी तिच्याबरोबर दवाखान्यात होते, दुसरी पोलीस ठाण्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा अर्ज लिहायला बसले आणि मारहाणीची तारीख चुकवली. दवाखान्याच्या कागदावर एक तारीख, अर्जात दुसरी. समोरच्या वकिलाने नेमकं तेवढंच धरलं. तिच्या पोटगीचा अंतरिम आदेश काही महिने लांबला. आपल्या आढावा बैठकीत मला विचारलं गेलं, "ताई, इतकी साधी गोष्ट कशी चुकली?" मी मान खाली घालून म्हटलं, "माझा निष्काळजीपणा." तुम्ही किती तास झोपला नव्हता, हे कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

पुढे वाचनात मंगळूरचा अपघात आला. 22 मे 2010 ची पहाट. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. 166 पैकी 158 माणसं गेली. आखाती देशांत मजुरी करणारे, त्यांच्या बायका, मुलं. चौकशी समितीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात पहिली सुमारे दीड तासाहून अधिक वेळ मुख्य वैमानिक झोपलेला असल्याचं आढळलं. विमानतळाचं रडार बंद होतं, त्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी उशिरा मिळाली आणि ते फार उंचावरून, फार वेगात आलं. सहवैमानिकाने उतरणं रद्द करा, पुन्हा वर घ्या, असं तीनदा सुचवलं. यंत्रही इशारे देत होतं. वरिष्ठाने ऐकलं नाही.

अपघाताचं थेट कारण म्हणून मुख्य वैमानिकाचा निर्णयच नोंदवला गेला. पण समिती तिथे थांबली नाही. लांब झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ सुस्त राहतो, निर्णय चुकतात, आणि पहाटेची वेळ शरीराची सर्वांत मंद वेळ असते, हेही अहवालात आलं. मला हे महत्त्वाचं वाटतं. "चूक कोणाची?" या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावरही "चूक कशी घडली?" हा प्रश्न विचारावाच लागतो.

शरीराचं शास्त्र साधं आहे. रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात शरीर झोपच मागतं, दिवसा कितीही आराम केलेला असो. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जागरणाची तुलना दारूशी केली. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचं हाताचं आणि डोळ्याचं काम जवळजवळ 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा आहे 30 मिलिग्रॅम. दारू प्यायलेल्याला पोलीस पकडतात. जागरण झालेल्याला मालक म्हणतो, "अजून एक फेरी मार." आपल्या गावावरून नागपूर-हैदराबाद रस्त्याने रात्रभर ट्रक जातात. त्यातल्या कितींच्या घरच्या बाया आज इथे बसल्या आहेत, हे मला माहीत आहे.

आता नियमांची गोष्ट. 2007 साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम काढले. विमान कंपन्यांनी हरकत घेतली आणि 2008 मध्ये ते बाजूला ठेवून 1992 चे जुने नियम परत आणले गेले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, हरल्या. सर्वोच्च न्यायालयातही 2011 साली हरल्या. त्याच वर्षी पुढे नवे नियम आले. जानेवारी 2024 मध्ये ते आणखी कडक झाले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास, रात्रीच्या वेळेत सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरवायचं. कंपन्यांनी पुन्हा विरोध केला, अंमलबजावणी पुढे गेली. शेवटी प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर जुलै आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक वेळापत्रकात बसवलेच नव्हते. प्रवासी विमानतळांवर अडकले. आणि सवलत कोणाला मिळाली? त्या कंपनीला, रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून, 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत.

वैमानिक शिकलेले, चांगल्या पगाराचे, संघटित. त्यांना झोपेचे तास मिळवायला इतकी वर्षं लागली. मग आशाताईचं काय, नर्सचं काय, ट्रक ड्रायव्हरचं काय?

अमेरिकेतली एक गोष्ट. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ विमान पडलं, 50 माणसं गेली. सहवैमानिक 24 वर्षांची मुलगी होती. पगार इतका तुटपुंजा की ती देशाच्या दुसऱ्या टोकाला आईवडिलांकडे राहत होती. ड्युटीसाठी रात्रभर प्रवास करून ती आली होती. वेळापत्रकात हा प्रवास विश्रांतीच्या वेळेत मोडत होता. मृतांच्या नातेवाइकांनी पिच्छा सोडला नाही. 2010 साली कायदा झाला आणि 2014 पासून नवे नियम लागू झाले: ड्युटीआधी दहा तास विश्रांती, त्यात आठ तास सलग झोपेची संधी. मालवाहू विमानांचे वैमानिक मात्र वगळले गेले. थकवा त्यांनाही येतो, पण त्यांच्या विमानात प्रवासी नसतात!

आपल्या देशात वैमानिकांमध्ये स्त्रिया सुमारे पंधरा टक्के आहेत, जगात फार वरचं प्रमाण. त्याचा अभिमान आहेच. पण नियमातली विश्रांती म्हणजे ड्युटीबाहेरचे तास. घरी आल्यावर बाईचे ते तास कोणाचे असतात? सरकारच्याच 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात, पुरुष 97. कॅप्टन असो की शेतमजूर, बाईच्या विश्रांतीत दुसरी पाळी लपलेली असते. नियम लिहिणाऱ्यांच्या हिशेबात ती येत नाही.

आणि आपल्या? आपण संघटनेत एकमेकींना काय म्हणतो? "ती बघ, तीन रात्री झोपली नाही, खरी कार्यकर्ती." हे कौतुक मला आता भीतीदायक वाटतं. आपल्यापुढे बसलेली बाई तिचा खटला, तिचं मूल, कधी तिचा जीव आपल्या हाती देते. म्हणून चार गोष्टी सुचवते.

एक, रात्री ठाण्यात किंवा दवाखान्यात थांबलेल्या कार्यकर्तीला दुसऱ्या दिवशी सुट्टी. पुढचं काम दुसरी करेल. दोन, जागरणानंतर लिहिलेला कोणताही अर्ज दुसरीने वाचल्याशिवाय द्यायचा नाही. तीन, सर्वांत नवी मुलगी जरी म्हणाली, "ताई, थांबा, काहीतरी चुकतंय," तरी थांबायचं. मंगळूरला तीनदा म्हटलं गेलं होतं. चार, "मी थकले आहे" असं सांगणाऱ्या बाईला कोणी नावं ठेवायची नाहीत. थकवा लपवावा लागला की तो चुकीच्या रूपाने बाहेर येतो.

माणसं कमी आहेत, हे कसं जमणार, असं तुम्ही म्हणाल. विमान कंपन्याही हेच म्हणाल्या होत्या.

त्या मुलीचा अर्ज मी दुरुस्त करून दिला, पोटगी सुरू झाली. पण ते काही महिने तिने उसनवारीवर काढले, ते मी परत देऊ शकत नाही. इथे टेबलावर एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर मी माझ्या गेल्या आठवड्याच्या झोपेचे तास लिहिले आहेत. वाचून वाईट वाटेल, पण खरे आहेत. जाण्यापूर्वी तुमचेही लिहा. नाव लिहायची गरज नाही.