दोन बोटं माया

‘ओढाताणीत संसार करणाऱ्या, दिवसभर कामात असलेल्या आईला फॅशनचं काही पडलेलं असतं का?’ असा प्रश्न मला या भाषणासाठी दिला गेला. मी लगेच म्हणाले, ‘छे, तिला वेळ कुठे असतो!’ पहाटे नळाला पाणी आल्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत जी बाई उभीच असते, तिनं यंदा बाही आखूड आहे की लांब याची चौकशी कधी करायची? उत्तर देऊन मी मोकळी झाले. पण संध्याकाळी अम्मीचं जुनं शिवणाचं मशीन पुसताना वाटलं, आपण फार घाई केली. या मशीनपाशी बसून लहानपणापासून जे पाहिलं, ते तर अगदी उलटं होतं.

माझं बालपण सोलापुरात गेलं. अब्बा गिरणीत कामाला, घरात आम्ही चार भावंडं. अम्मी पायमशीनवर गल्लीतल्या बायकांची ब्लाउज, परकर, मुलींचे फ्रॉक शिवायची. शाळा उघडायच्या आधी गणवेशांचे गठ्ठे घरी यायचे. त्यांना बटणं लावून, धागे कापून द्यायचे आणि नगावर पैसे घ्यायचे. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण अम्मीच्या शिवणातले शब्द बहुतेक मराठी होते. त्यांतला एक शब्द मला फार लवकर भेटला, तो म्हणजे ‘माया’. शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतात, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून. शिवणाऱ्या बायका त्याला माया म्हणतात. शेजारच्या काकू कापड टाकताना सांगायच्या, ‘भाभी, दोन बोटं माया ठेवा हं, पोरगी अंगानं भरतेय.’ माया म्हणजे प्रेम, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर माया म्हणजे दोन बोटं कापड, एवढंच मला ठाऊक होतं.

गल्लीत फॅशन पहिल्यांदा यायची ती या मशीनवर. सिनेमा पाहून आलेली एखादी बाई हवेत बोटानं गळा काढून दाखवायची आणि अम्मी जुन्या वर्तमानपत्रावर तो बेतायची. 1989 साली ‘चांदनी’ आला आणि मुलींना श्रीदेवीसारखा पांढरा सलवार-कमीज हवा झाला. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरी दीक्षितच्या जांभळ्या साडीनं बायकांना वेड लावलं. आमच्या गल्लीत तशी साडी परवडणारी एकही नव्हती. मग बायकांनी काय केलं? साडी सोडून दिली आणि ब्लाउजची मागची बाजू तेवढी घेतली. अर्थात घरच्यांना चालेल इतपतच.

ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. साडी आवाक्यात नसते तेव्हा फॅशन ब्लाउजवर येते. साडी तीच, लग्नातली नाहीतर भिशीत लागलेली. पण मॅचिंग सेंटरमधून पाऊण-एक मीटर कापड आणायचं, पानगळा जुना झाला तर मटका गळा शिवायचा, पाठीवर एक नाडी आणि दोन लटकनं लावायची. जुनी साडी दहा वर्षांनी तरुण होते. बुरख्याचंही तसंच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे काळे आणि सारखेच दिसतात, पण बाहीचा घेर, बटणांची पट्टी, मनगटावरचे खडे यांत दर दोन-चार वर्षांनी बदल होतो आणि तो बायकांना लांबून ओळखू येतो. ज्यांना आपण ‘साध्या बायका’ म्हणतो, त्यांची नजर अशी तयार असते.

फक्त त्यांचे प्रश्न वेगळे असतात. कपडा हातात घेतला की अम्मी चार गोष्टी विचारायची. कितीला? रंग जाईल का? इस्त्री लागेल का? आणि पुढे धाकटीला येईल का? ‘चांदनी’चा पांढरा ड्रेस मी मागितला तेव्हा तिनं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, छान आहे म्हणाली आणि विचारलं, ‘सफेद धोएगा कौन?’ तिला तो ड्रेस आवडला नव्हता असं नाही. तो आवडायला किती बादल्या पाणी लागेल, हे तिला दिसत होतं.

याच काटकसरीतून कधीकधी नवी फॅशनही निघते. मी तिसरीत असताना माझा ईदचा फ्रॉक आखूड झाला. अम्मीनं खालची दुमड उसवून तो लांब केला, पण जुन्या दुमडीच्या जागी एक गडद रेघ उठून दिसू लागली. ज्यांनी असे कपडे घातले आहेत त्यांना ती रेघ माहीत आहे. ती सगळ्यांना सांगते की कपडा मागच्या वर्षीचा आहे. मी रडून घर डोक्यावर घेतलं. अम्मीनं त्या रेघेवरून लाल नागमोडी लेस फिरवली, उरलेला तुकडा गळ्याला लावला. पुढच्या आठवड्यात समोरच्या घरातली बाई तिच्या मुलीचा चांगला नवा फ्रॉक घेऊन आली आणि म्हणाली, ‘भाभी, याला पण तशी लेस लावून द्या.’ झाकण्यासाठी लावलेली लेस दुसऱ्या घरी फॅशन म्हणून गेली.

असंच, पण फार मोठ्या प्रमाणावर, गाऊनचं झालं. मूळचा तो रात्री घालायचा कपडा. आपल्याकडच्या आयांनी त्याला दिवसाढवळ्या स्वयंपाकघरात आणला, तिथून ओट्यावर, नळावर, भाजीच्या गाडीपर्यंत नेला. वरून एक ओढणी किंवा टॉवेल घेतला की झालं. कोणत्याही जाहिरातीनं त्यांना हे शिकवलं नव्हतं. एकाच कपड्यात साडी, परकर, ब्लाउज तिन्हींचं काम भागतं. धुवायला एक, वाळायला एक. इस्त्री नको. पोटुशी बाई असो की अंगावर पाजणारी, सगळ्यांना चालतो. आणि खिसा! साडीला खिसा नसतो. पैसे कंबरेला खोचायचे, किल्ली पदराला बांधायची. गाऊनला खिसा आला आणि घरातल्या बाईला हात मोकळे मिळाले.

पण बाईला सोयीचं वाटलं की कोणाला तरी ते खुपतं. 2014 साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात गाऊन घालून घराबाहेर फिरणाऱ्या बाईला पाचशे रुपये दंड करण्याचं ठरलं होतं आणि हे ठरवणारं महिला मंडळच होतं. ती बातमी वाचून मी हसले, मग थोडी गप्प झाले. जो कपडा बायकांनी स्वतःच्या गरजेतून रूढ केला, त्यालाच दंड ठरला होता.

आयांना हौस नसते असं म्हणणाऱ्यांनी नवरात्रात एखाद्या कार्यालयात जाऊन पाहावं. नऊ दिवसांच्या नऊ रंगांची ही चाल काही जुनी रूढी नव्हे. या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रातून ती पसरली. मी नोकरीला होते तिथे आम्ही सगळ्या जणी ती पाळत असू. नऊ रंगांच्या नऊ साड्या कोणाकडे असणार? घटस्थापनेच्या आधी डबा खाताना यादी व्हायची. पिवळी हिच्याकडे, राखाडी तिच्याकडे, उद्या तू घाल, परवा ती घालेल. साफसफाईला येणाऱ्या बाईंकडे मोजून चार चांगल्या साड्या होत्या, पण त्या एकही रंग चुकवत नसत. एका वर्षी मोरपंखी कोणाकडेच निघेना. माझ्याकडे त्या रंगाची ओढणी होती. तीच एक ओढणी पाच जणींनी आळीपाळीनं खांद्यावर घेऊन फोटो काढले. त्यांतल्या चौघी शाळकरी मुलांच्या आया होत्या, महिन्याची वीस तारीख उलटून गेली होती आणि हौस पाहिली तर पंधरा वर्षांच्या मुलींची.

आता कोणी म्हणेल, हल्ली कपडे स्वस्त झाले, मग अडचण काय? खरं आहे. हातगाडीवर कुर्ती मिळते, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर साड्यांचे फोटो येतात, मोबाईलवर मागवलं की घरी पार्सल येतं. अनेकदा तयार कुर्ती शिलाईच्या पैशांतच येते, म्हणून नवं शिवून घेणं कमी झालं. पण मशीनवाल्या बाईची मुलगी असल्यामुळे मला सवय आहे, कपडा घेतला की मी तो उलटा करून बघते. स्वस्तातली कुर्ती उलटी केली की बहुधा शिवणीच्या आत अर्धं बोटही कापड नसतं. काठाकाठानं ओव्हरलॉक मारून मोकळं केलेलं. कारखान्यात एकावर एक थर ठेवून कापड कापतात. प्रत्येक नगामागे थोडं वाचलं तरी हजारात ते खूप होतं. त्यांचा हिशोब बरोबर आहे. पण माया नाही म्हणजे मूल वाढलं की कपडा संपला. उसवून सैल करता येत नाही. धाकटीपर्यंत टिकला तर नशीब.

पूर्वी एक साडी किती जन्म घ्यायची! आधी आईची साडी, मग मुलीचं परकर-पोलकं, मग गोधडीचा एक थर, उरलं तर फरशी पुसायला. नाहीतर दारावर बोहारीण यायची आणि जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देऊन जायची, तेही तासभर घासाघीस करून. आता आईला वर्षातून चार वेळा स्वस्त कपडे घ्यावे लागतात आणि वर्षाअखेरीला खर्च कुठे गेला ते सापडत नाही.

श्रोतेहो, इथवर मी इतर बायकांचं सांगितलं. एक गोष्ट माझी सांगायची आहे. अम्मीवर मी पुष्कळ कविता लिहिल्या, पण ही गोष्ट एकाही कवितेत आली नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. तेव्हा फुग्याच्या बाह्या फार चालत. तशी बाही शिवायला कापड जास्त लागतं, चुण्या नीट बसवाव्या लागतात. अम्मीचा त्यात हात बसला होता. त्या रमजानमध्ये तिनं किती जणींच्या बाह्या शिवल्या असतील याची गणती नाही. चाँदरातीला आमचे सगळ्यांचे कपडे झाले, गल्लीतले झाले, आणि मग मध्यरात्रीनंतर तिनं स्वतःचं कापड काढलं. मला झोपेत मशीनचा आवाज येत होता.

ईदच्या सकाळी ती शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्या बाह्यांना फुगे होते. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी येणार होत्या. मी म्हणाले, ‘अम्मी, हे काय? या वयात?’

तिला तेव्हा चाळीसही पूर्ण नव्हती.

ती काही बोलली नाही. मैत्रिणी दुपारी आल्या, तोवर तिनं दोन्ही फुगे उसवून बाह्या साध्या करून टाकल्या होत्या. मला म्हणाली, ‘कपडा बच गया. छोटी की टोपी हो जाएगी.’ आणि त्याची खरोखरच टोपी झाली, माझ्या भाचीनं ती दोन हिवाळे घातली.

अम्मी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या वयाच्या मी कितीतरी पुढे आले आहे. दुकानात शिरले की मला आजही बाह्या आधी दिसतात. म्हणून विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर मी बदलते. आईला फॅशनचं पडलेलं असतं, नक्की असतं. तिला वेळ नसतो, पैसा नसतो, हेही खरं. पण या दोन्हींतून ती वाट काढते. तिची वाट बंद होते ती आपल्या एका वाक्यानं. कधी ते ‘या वयात?’ असतं, कधी ‘तिला काय, काहीही चालतं’ असं असतं. दुसरं वाक्य तर आपण कौतुकानं म्हणतो.

येत्या सणाला, तो दिवाळी असो, ईद असो की नाताळ, आईला दुकानात बरोबर घेऊन जा. ती महागाचं मागणार नाही. ती कपडा दोन बोटांत चोळून पाहील, भाव विचारेल, रंग जाईल का विचारेल, इस्त्री लागेल का विचारेल. ते विचारू द्या, तो तिचा हक्क आहे. पण ‘पुढे धाकटीला येईल का?’ या प्रश्नाला ती आली, की तिला तिथेच थांबवा आणि आपण विचारा, ‘तुला आवडला का?’

कदाचित तिला पटकन सांगता येणार नाही. थोडा वेळ द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)