मंद गतीत गुदमरणारे इंजिन

थेरगावापासून काही मैलांवर आकुर्डीचा कारखाना आहे. तेथे घडलेली बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली रस्त्यावर आली. ज्या घरी जुनी टू-स्ट्रोक चेतक अजून जपलेली आहे, तेथे एक तक्रार ओळखीची असते : गाडी वेगात उत्तम धावते, परंतु चौकातून निघताना गुदमरते. अशा वेळी मोठा जेट बदलण्याची घाई होते. माझ्या मते ती व्यर्थ होय. मूठ थोडीच पिळलेली असता पेट्रोल येते ते लहान जेटमधून, आणि त्याचे केसाएवढे छिद्र साक्याने बुजते. तो जेट पेट्रोलने धुवावा, हवेने फुंकावा; तार मात्र खुपसू नये, छिद्र मोठे होते. मग इंजिन तापवून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा आणि कान द्यावा.

तरीही गुण न आल्यास कार्बोरेटरच्या सांध्यातून हवा शिरते काय, हे पाहावे. ही हवा घातक आहे. या इंजिनाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते; पेट्रोल उणे पडले की तेलही उणे पडते, आणि तापलेला पिस्टन जखडतो. पाण्यावरच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला तर हे भय अधिक, कारण पाण्याला उतार नसतो. तेथे इंजिनाला विसावा मिळत नाही.